बॅनरवर तू बरी झालीस

ताई, परवा वाण्याच्या दुकानात मी सांगून आलो की तुझ्या अंत्ययात्रेला दोन हजार माणसं होती. परळच्या नाक्यापर्यंत रांग लागली, पोलिसांना गाड्या वळवाव्या लागल्या, एका बसचा ड्रायव्हर तर बस उभी करून खाली उतरला आणि हात जोडून थांबला. वाणी मान हलवत होता. बाकीची गिऱ्हाइकंही मान हलवत होती. कुणी मला अडवलं नाही. मी साबुदाण्याची पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिलो, कारण सवयीने वाटलं की आता मागून तुझा आवाज येणार: "दिग्या, साठ. त्यातली वीस बाजूच्या मयताची होती."

आवाज आला नाही. घरी येताना मधल्या मजल्यावर मी कठड्याला धरून थांबलो. धाप लागली नव्हती. लाज वाटली होती. तुझ्या मरणातही मी माणसं वाढवली.

आपलं दोघांचं हे असंच चालायचं. मी माईकवरचा माणूस. दहीहंडी असो, हळदीकुंकू असो, मंडळाचा वर्धापनदिन असो, आपल्या गल्लीत निवेदन माझं. सहा थर लागले की मी सात म्हणायचो, आणि इतक्या जोरात म्हणायचो की लोकांना सातवा थर दिसायचा. तू भोईवाड्याच्या कोर्टात स्टेनो. साक्षीदार बोलला तेवढंच टिपायचं, त्याने बोलायला हवं होतं ते नाही, हा तुझा धर्म. संध्याकाळी गॅलरीत मी गोष्ट रंगात आणली की आतून, भाजी निवडता निवडता, तुझा भागाकार सुरू. मी म्हणायचो, गावच्या विहिरीत अजगर निघाला. तू म्हणायचीस, "धामण." मी म्हणायचो, तो माझ्या अंगावर धावून आला. तू म्हणायचीस, "हा पळाला. ती झोपली होती." चाळीतले लोक माझी गोष्ट ऐकायला यायचे की तुझी दुरुस्ती, हे मला अजून कळलेलं नाही.

मग तुझ्या रक्तात कॅन्सर निघाला. त्या पहिल्या केमोच्या दिवसांबद्दल मी काही लिहिणार नाही, तुला आवडायचं नाही. मूळपेशी द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या जुळल्या, आणि तुझ्या हाडांत माझं रक्त तयार व्हायला लागलं. काही महिन्यांनी तुझा रक्तगटसुद्धा बदलून माझा झाला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू आईकडे बघून म्हणालीस, "आता माझ्याही साक्षीवर कुणी विश्वास ठेवायचा नाही." आई पदर तोंडाला लावून हसली. आजारपणात ती तेव्हा पहिल्यांदा हसली होती.

वर्षभर तू बरी होतीस. मग आजार परत आला.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीतली ती दुपार मला लख्ख आठवते, आणि मी सांगायचो तशी नाही, होती तशी. त्या म्हणाल्या, "नेहमीच्या उपचारांपैकी माझ्याकडे आता काही उरलेलं नाही. एक चाचणी सुरू आहे. भावाच्या रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना तुमच्या कॅन्सरच्या पेशी ओळखायला लावायचं, वाढवायच्या, आणि तुम्हाला द्यायच्या. किती द्याव्यात, अंगाला किती सोसतात, हेच आम्ही अजून बघतोय. तुम्हाला फायदा होईल असं मी म्हणणार नाही."

तू विचारलंस, "तुम्हाला होईल?"

"शिकायला मिळेल. पुढच्या पेशंटला होईल कदाचित."

"आणि मला?"

"माहीत नाही."

जिन्यावरून उतरताना तू म्हणालीस, "हिची साक्ष टिकेल." आणि होकार देऊन टाकलास. मी तुझ्या मागे होतो आणि माझ्या डोक्यात गोष्ट तयार व्हायला लागली होती. घरी पोचेपर्यंत ती पूर्ण झाली. आईला म्हटलं, "आई, माझ्या पेशींना लॅबमध्ये कुस्ती शिकवणार. लंगोट बांधून, लाल मातीत. मग ताईच्या अंगात सोडणार."

आई म्हणाली, "मेल्या, तुका दोन सूर्यनमस्कार जमाक नाय. तुझे पेशी काय कुस्ती खेळतले?"

तू हसलीस. मला अडवल्यासारखं वाटलं नाही. हसलीस म्हणजे परवानगी मिळाली, असं धरलं.

माझ्या पेशी काढल्या त्या दिवशी दोन्ही हातांत सुया, रक्त एका हातातून निघून यंत्रात जातं, हवं ते यंत्र काढून घेतं, उरलेलं दुसऱ्या हातातून परत. ओठांना मुंग्या येतात. नर्स कॅल्शियमची गोळी देते. बस एवढंच. गॅलरीत मी सांगितलं की माझं सगळं रक्त बाहेर काढून धुऊन वाळत घातलं होतं, मधली दहा मिनिटं मी रक्ताशिवाय जिवंत होतो, हे बघायला परदेशातून दोन डॉक्टर आले. आतून आवाज: "निम्मा वेळ झोपला होता. उरलेल्यात बिस्किटं मागितली."

आणि काही आठवड्यांनी तुला द्यायला पेशी आल्या त्या एका इवल्याशा पिशवीत. मला वाटलं होतं निदान बादली असेल. पाव तासात संपली. खोलीभर लसणीचा वास सुटला. नर्स म्हणाली, पेशी गोठवून ठेवताना जे औषध घालतात त्याचा वास, घाबरू नका. तू डोळे मिटून म्हणालीस, "बोंबलाचा असता तर मला खात्री पटली असती, ह्याच्याच आहेत."

मग ताप. मग रोज सकाळी ती परीक्षा: आज वार कुठला, हे शहर कुठलं, शंभरपासून उलटं मोजा, आणि एक वाक्य लिहून दाखवा. पेशी मेंदूला त्रास देऊ लागल्या तर ते आधी अक्षरात दिसतं म्हणे. तू पहिल्या दिवशी लिहिलंस, "माझा भाऊ बाहेर वॉचमनला थापा मारत आहे." दुसऱ्या दिवशी, "माझा भाऊ अजून मारत आहे." नर्सा तुझं वाक्य वाचायला एकमेकींना बोलवायच्या. मग एका सकाळी तू पेन धरलंस आणि 'माझा' लिहून पुढची ओळ खाली घसरत गेली, कागद संपून चादरीवर गेली, आणि तू माझ्याकडे बघत होतीस पण ओळखत नव्हतीस. दिवसाला हजारो शब्द टिपणारी तू. औषधं दिली, दोन दिवसांत परत आलीस. त्या सकाळची गोष्ट मी गॅलरीत कधी सांगितली नाही.

महिन्याने रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तपासणीत आजार दिसत नाहीये. दिसत नाही म्हणजे गेलाच असं नाही. किती टिकेल तेही मला सांगता येणार नाही. सध्या चांगली बातमी आहे, एवढंच." मी त्या वाक्यातला 'नाहीये' उचलला आणि पॅसेजमध्ये येऊन मंडळाच्या सेक्रेटरीला, बाबल्याला, फोन लावला.

आता ताई, आपल्या गल्लीत बारशापासून बाराव्यापर्यंत सगळ्याचा फ्लेक्स लागतो. दहावीत कुणाला पंचावन्न टक्के पडले तरी लागतो. कुणाचा कुत्रा हरवून सापडला तेव्हाही लागला होता. त्यामुळे तुझा लागणारच होता, असं मी पुढे कितीदा म्हटलं. पण मजकूर मी सांगितला. फोटो मी निवडला. चौकात, विजेच्या खांबाला, तू घरी यायच्या आदल्या दिवशी चढला: "विज्ञानाचा चमत्कार! भावाच्या रक्ताने बहीण ठणठणीत! कॅन्सरमुक्त सुलभाताई परब यांचे चाळीत सहर्ष स्वागत." डावीकडे मी, अलिबागच्या सहलीतला, गॉगल घातलेला, छातीवर हाताची घडी. उजवीकडे तू, आधार कार्डावरची, कुणीतरी चोरीचा आळ घेतल्यासारखी. खाली बाबल्या आणि कार्यकारिणी, लाडूंच्या ताटासारखे गोल गोल.

तू टॅक्सी थांबवायला लावलीस. काच खाली करून पूर्ण वाचलंस, शुभेच्छुकांपर्यंत. मग म्हणालीस, "तुझा फोटो माझ्यापेक्षा मोठा कसा रे?"

मी खो खो हसलो. जिन्याच्या तोंडाशी आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, शेजारणींनी तुला हात धरून वर नेलं, आणि संध्याकाळी, सगळे पांगल्यावर, तू मला समोर बसवलंस.

"कॅन्सरमुक्त हा शब्द कुणाचा?"

"डॉक्टरांचा."

"डॉक्टर म्हणाल्या, दिसत नाहीये. आणि किती टिकेल माहीत नाही म्हणाल्या. मी तिथेच होते."

"ताई, बॅनरवर एवढं मावत नाही."

"मग लावायचा नाही."

"लोक खूष आहेत. होऊ दे की."

"दिग्या, तू अजगराचं सांग, थरांचं सांग, मी काही बोलते का? बोलते, पण चालतं. हे माझ्या अंगातलं आहे. ते माझ्याकडे राहू दे."

मी म्हणालो, येता सण झाला की उतरवतो. तो सण झाला, पुढचा आला. बॅनर राहिला. हा वाद आपला तिथेच थांबलाय, ताई. मी नंतर मनात शंभर उत्तरं तयार केली, एकही धड नाही.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात गाजलेले महिने होते, हे लिहिताना मान वर होत नाही. नाक्यावर मला चहाचे पैसे द्यावे लागत नव्हते. एक गृहस्थ मधुमेहावर माझ्या पेशी चालतील का विचारून गेले. गुडघेदुखीवाली एक मावशी रोज माझ्या दंडाला हात लावून देवाला नमस्कार करायची. गॅलरीत गोष्ट रोज वाढत होती. माझ्या पेशी तुझ्या अंगात शिट्टी वाजवत गस्त घालायच्या, एकेका कॅन्सरच्या पेशीची कॉलर धरून तिला रांगेत उभी करायच्या.

आणि आतून आवाज येणं बंद झालं होतं.

ते मला लक्षात आलं होतं, ताई. आलं नाही असं म्हटलं तर ती सगळ्यात मोठी थाप होईल. लक्षात आलं आणि मला वाटलं, मी जिंकलो. आयुष्यभर भागाकार करणाऱ्या बाईने अखेर हात टेकले, असं मी बाबल्याला सांगितलंसुद्धा. त्याच दिवसांत तू सकाळी लवकर तयार होऊन कुठेतरी जायचीस. पेन्शनचे कागद, म्हणायचीस. कोर्टात वेळ लागतो, म्हणायचीस. मी म्हणायचो, जा, येताना शेव घेऊन ये.

मग गायकवाड आला. रविवार होता, दुपारची जेवणं आटोपली होती. भायखळ्याच्या भाजी मार्केटात गाळा असलेला माणूस, अंगाने आडवा, पण दारात उभा राहिला तो अंग चोरून. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक फाइल. म्हणाला, "दिगूभाऊ तुम्हीच ना? बॅनर वाचून आलोय." त्याच्या बायकोला, उज्ज्वलाला, तुझाच आजार निघाला होता. इस्पितळाने सोमवारपासून केमो सांगितली होती. "पण मी नको म्हटलं," तो म्हणाला. "केमोने माणूस खंगतो. म्हटलं, डायरेक्ट तुमच्यासारखं पेशींचं करू. तिचा भाऊ तयार आहे. त्याच्या नाही जमल्या तर तुमच्या थोड्या मिळतील का, ते विचारायला आलो."

मी त्याला बसवलं. चहा टाकतो म्हणालो आणि आत गेलो. आणि खरं सांगू का, गॅसपाशी उभा राहून मी खुशीत होतो. माझ्या पेशींना भायखळ्याहून मागणी आली होती. त्या माणसाने बायकोची केमो थांबवली आहे, हे कानात गेलं होतं, डोक्यात गेलं नव्हतं.

पार्टिशनच्या पलीकडे तू बोलायला लागलीस. आवाज चढवला नाहीस, उतरवलाही नाहीस. उलटतपासणी वाचून दाखवावी तसा.

"मी बरी झाले असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बॅनरवर आहे ताई. आमच्या मेहुण्याने फोटो पाठवला."

"तो माझ्या भावाने लिहिला. आता मी सांगते ते ऐका. मला आजार परत आलाय."

पलीकडे गायकवाडच्या हातातली पिशवी चुरचुरली.

"त्याच्या पेशी माझ्या अंगात काही महिने टिकल्या. तेवढे दिवस आजार दाबून धरला. मग त्या संपत गेल्या, कुणामुळे नाही, संपल्या. गेल्या महिन्यात तपासणीत दिसलं. मी परत भरती होणार आहे."

"म्हणजे ते सगळं खोटं?"

"खोटं नाही. चाचणी आहे. कशाने काय होतं ते बघायला चाललेली. माझे सगळे नेहमीचे उपचार करून झाले होते, म्हणून मी गेले. तुमच्या बायकोचे अजून सुरूही झालेले नाहीत. त्यांनी बरी झालेली माणसं मी त्याच वॉर्डात बघितली आहेत. केमोने खंगतात, मग भरूनही येतात. तिला सोमवारी घेऊन जा."

"आणि पेशी?"

"लागल्या तर डॉक्टर सांगतील. बॅनरला विचारू नका."

मग त्याने विचारलं, "तुम्हाला पस्तावा होतो का, ताई? ह्यात पडल्याचा?"

"नाही. मिळाले तेवढे महिने चांगले मिळाले. घरचं जेवले. आणि माझ्या रक्ताच्या नळ्या अजून नेतात ते. पेशी का टिकल्या नाहीत ते शोधतायत. शोधू दे. ते काम चांगलं आहे."

चहा उतू गेला होता. मी गॅस बंद केला, फडक्याने पुसून काढलं, पुन्हा दूध घातलं, आणि ट्रे घेऊन बाहेर आलो. तू माझ्याकडे बघितलंस. मी ऐकलंय, हे तुला कळलं. गायकवाडला म्हणालीस, "हा दिगंबर. चहा चांगला करतो."

तो गेल्यावर मी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"झाले दिवस."

"मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार? तू खाली सांगत असायचास. मध्येच कुठे बोलायचं."

"आणि ते पेन्शनचे कागद... तू एकटी जात होतीस इस्पितळात?"

"एकटी कुठे? टॅक्सीवाला असायचा."

ताई, मी चौथीत होतो तेव्हा वर्गात सांगितलं होतं की आपले बाबा गिरणीत नाहीत, सर्कशीत आहेत, वाघ सांभाळतात. बाई चौकशीला घरी आल्या. दार तू उघडलंस. तू दोन वेण्यांची, परीक्षा जवळ आलेली, मी तुझ्या मागे फ्रॉक धरून उभा. बाईंनी विचारलं, वाघांचं काय? तू शांतपणे म्हणालीस, "वाघ गावाला गेलेत." बाई गेल्यावर मला एक धपाटा घातलास. घरात भागाकार आणि बाहेर पाठराखण, हा तुझा नियम होता आणि त्याच्या जोरावर मी आयुष्यभर निभावून नेलं. ह्या वेळीही तू तेच करत होतीस. चौकात माझा वाघ लावलेला होता, आणि तू आजार अंगात घेऊन त्याच्या खालून जात-येत होतीस, शेजारणींना हात करत होतीस, ठणठणीत दिसत होतीस. एका परक्या बाईचा जीव त्यात अडकला तेव्हाच तू बोललीस. तुझ्या स्वतःच्या जिवासाठी बोलली नसतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टूल घेऊन चौकात गेलो आणि बॅनर उतरवला. बाबल्या म्हणाला, "राहू दे ना दिगूभाऊ, दिवाळीपर्यंत. चांगला दिसतोय." मी म्हटलं, फाटलाय. फाटला नव्हता. म्हणजे खरं काम करतानाही माझ्या तोंडून खरं निघालं नाही. गुंडाळी करून मी ती जिन्याखाली टाकली. तुला वर येऊन सांगितलं, उतरवला. तू म्हणालीस, "हात धू. धूळ असेल."

शेवटच्या वेळी इस्पितळात मी तुझ्याजवळ बसून होतो. तुला बोलायचं त्राण नव्हतं, म्हणून मी बोललो. म्हटलं, ताई, पाच हजार माणसांनी तुझ्यासाठी नवस बोललेत. तू डोळे न उघडता म्हणालीस, "तू आणि आई." त्यानंतर मला तुझी माफी मागायची होती. शब्द अगदी ओठांशी होते. तेवढ्यात नर्स आली, सलाईन बदललं, आणि मी तिला अजगराची गोष्ट सांगायला लागलो.

तुझी शोकसभा मंडळाच्या हॉलमध्ये झाली. आपल्या भागातल्या शोकसभांचं निवेदनही माझंच असतं, तुला माहीत आहे. मी ठरवून गेलो होतो. आदल्या दिवशी आरशासमोर वाक्यं म्हणून बघितली: ताई बरी झाली नव्हती. बॅनर मी लिहिला. ती एकटी जात होती. तीनच वाक्यं. मी माईक घेतला, समोर बघितलं, सगळी आपली माणसं, रडून सुजलेले डोळे, आणि काय झालं मला सांगता येत नाही. हात माईकला लागला की माझं तोंड माझं राहत नाही. मी लसणीचा वास सांगितला. लोक हसले. लंगोट सांगितला, लाल माती सांगितली. आणखी हसले. आणि मग आवाज खाली आणून म्हणालो, माझ्या पेशी तुझ्या अंगात शेवटच्या श्वासापर्यंत लढल्या, शेवटची पेशी पडली तेव्हाच ताई पडली. ताई, शोकसभेत टाळ्या पडल्या. बाबल्या डोळे पुसत स्टेजवर आला आणि म्हणाला, "दिगूभाऊ होते म्हणून ताई एवढं जगल्या." मी हात जोडले. नाही म्हणालो नाही.

सगळ्यात मागच्या रांगेत गायकवाड बसला होता. शेजारी डोक्याला स्कार्फ बांधलेली एक बाई. त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

लोक पांगले. मी माईकची वायर गुंडाळत होतो, ते दोघं जवळ आले. गायकवाड हळूच म्हणाला, "ताईंनी आम्हाला असं नव्हतं सांगितलं." टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच कळत नव्हतं, कुणाचं धरायचं.

"अहो, असू दे," उज्ज्वला म्हणाली. मग मला म्हणाली, "ताई दर शनिवारी फोन करायच्या मला. काय खाल्लं, उलट्या किती झाल्या, सगळं विचारायच्या. स्वतः भरती होत्या तेव्हासुद्धा. तुम्हाला माहीतच असेल."

"हो," मी म्हणालो. मला काही माहीत नव्हतं.

"शेवटी फार त्रास झाला का त्यांना?"

छे, झोपेतच गेली, चेहऱ्यावर हसू होतं: हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. त्याच्या शेजारी आणखी दोन वाक्यंही तयार होती. तिच्या भुवयांचे केस गेलेले होते आणि ती माझ्याकडे बघत होती, दुसरीकडे कुठेही नाही.

"हो," मी म्हणालो. "झाला. ताप उतरत नव्हता. तोंड आलं होतं, पाणीसुद्धा जात नव्हतं. शेवटी शेवटी आम्हाला ओळखत नव्हती."

मला वाटलं ती आता निघून जाईल. तिने एक खुर्ची ओढली आणि बसली. म्हणाली, "माझी केमो चालू आहे. लागू पडली तर प्रश्नच नाही. नाही पडली तर त्या चाचणीचा विचार करू, असं डॉक्टर म्हणालेत. माझा भाऊ भित्रा आहे, पण देईल. म्हणून मला सगळं माहीत हवंय. ताईंना विचारायचं राहून गेलं. तुम्ही सांगा."

मी बसलो. यंत्र, ओठांच्या मुंग्या, इवलीशी पिशवी, ताप, ते घसरत गेलेलं वाक्य, सगळं सांगितलं. रिपोर्टमध्ये आजार दिसला नाही ते सांगितलं, आणि नंतर दिसला तेही. बाबल्या बाजूच्या खुर्च्या मिटून भिंतीला लावत होता, मध्येच थांबून ऐकायला लागला. त्याच्यासमोरही मी सांगितलं. उज्ज्वला मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती, नेमके, तू विचारायचीस तसे.

शेवटी तिने विचारलं, "आजार परत आला, ते त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं?"

"मला नाही सांगितलं," मी म्हणालो. "मी विचारलं नव्हतं."